घरचं काम

माझ्या टेबलाच्या खणात लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही आहे. सांगलीच्या गणपती पेठेतले व्यापारी लक्ष्मीपूजनाला नेतात तसली. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि त्याखाली ‘आरएक्स इंजिन, खर्च’. माझा धंदा कर सल्लागाराचा. दिवसभर लोकांची हळदीची, बेदाण्याची, सळईची बिलं जुळवायची आणि महिन्याच्या वीस तारखेच्या आत रिटर्न भरायचं. त्यामुळे घरात काहीही सुरू झालं की आधी वही निघते. लग्नातही निघाली होती. बायको ते अजून विसरलेली नाही.

वहीतली शेवटची बेरीज १,३८,६५० रुपये आहे. एवढे पैसे ९८ सीसीच्या, दोन हातांत उचलून नेता येईल अशा मोटारसायकलच्या इंजिनावर गेले. एकदा सुट्टीच्या दिवशी मी उलटा हिशेब केला. आज ते इंजिन खोललं आणि आतल्या प्रत्येक भागाला बाजारभाव लावला तर किती होतात? ओढूनताणून ४६,०००. मग उरलेले ९२,६५० कुठे गेले? माझ्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या खात्यात एवढी तफावत निघाली असती तर मी त्याला समोर बसवून घाम फोडला असता.

सुरुवात मावसभावाने केली. तो कवठेमहांकाळकडचा, डोंगराळ माळावर गाडी उडवत वाढलेला. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात माळावर माती ओढून, उंचवटे करून गाड्यांच्या शर्यती होतात, त्यांत त्याला स्थानिक गटात उतरायचं होतं. २०१८ च्या दिवाळीत तो आला तो थेट एक पोतं घेऊन. पोत्यात यामाहा आरएक्स १०० चं नुसतं इंजिन. १६,००० रुपयांना घेतलेलं, गाडी वेगळी. ही गाडी आपल्याकडे १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, म्हणजे बंद होऊन वीसेक वर्षं झालेल्या गाडीचं इंजिन एवढ्याला. मी वही उघडली ती तिथेच.

वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, पोत्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, “काय करायचं ह्येचं?”

“पळवायचं, आप्पा.”

“पळतंय की आपसूक. अकरा घोड्यांचं हाय.”

आप्पांचं मारुती चौकाच्या अलीकडे रिबोरचं, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून थोडा मोठा कापून देण्याचं दुकान. एक बोअरिंग मशीन, एक सिलिंडर आतून घासायचं होनिंग, एक म्हातारं लेथ, क्रँक दाबायचा प्रेस. त्यांची सगळी हयात इंजिनाचं आयुष्य वाढवण्यात गेली. कृष्णाकाठच्या विहिरींवर पूर्वी जी लिस्टर धर्तीची डिझेल इंजिनं असत, ‘धक-धक-धक’ करत रात्रभर उसाला पाणी देणारी, ती त्यांनी शेकड्यांनी बांधली. सहा हॉर्सपॉवर आणि मिनिटाला ६५० फेरे. आजोबांनी घेतलेलं इंजिन नातवाच्या लग्नात जनरेटरला जोडायचे लोक.

पुढे मी त्यांना कागदावर एक गणित मांडून दाखवलं. पिस्टन एका फेऱ्यात एकदा वर आणि एकदा खाली जातो, त्यामुळे स्ट्रोकची लांबी दुप्पट करून तिला फेऱ्यांनी गुणलं की पिस्टनचा सरासरी वेग मिळतो. विहिरीवरच्या त्या इंजिनाचा स्ट्रोक सुमारे १४० मिलिमीटर आणि फेरे ६५०. सेकंदाला ३ मीटर. सकाळी आमराईत फिरायला येणारा तरुण पोरगा धावतो तेवढा. आरएक्सचा स्ट्रोक ५० मिलिमीटर आणि कंपनीची पूर्ण ताकद ७,५०० फेऱ्यांना, तिथे पिस्टन सेकंदाला साडेबारा मीटर पळतो. मावसभावाला हवे होते साडेदहा हजार फेरे. तिथे साडेसतरा मीटर.

“मग? दीडपटीच्या आतच हाय की,” आप्पा म्हणाले.

वेग दीडपटीच्या आत, पण ताण वर्गाने वाढतो. प्रत्येक टोकाला पिस्टनला थांबवून उलटं फिरवायचं असतं. ते काम कनेक्टिंग रॉड करतो, आणि त्याच्यावरचा ओढा जवळजवळ दुप्पट होतो. तेच पोलाद, तेच बेअरिंग, दुप्पट ओढा. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, आकडे पाहिले आणि एवढंच म्हणाले, “म्हंजे आयुष्य इकून येग घ्यायचा.” त्यांना ते पसंत नव्हतं. पण पोतं त्यांनीच उचलून आत नेलं.

पुढचे दोन महिने मी दुकानात जे पाहिलं ते वहीत कुठल्या रकान्यात घालावं ते मला आजही कळलेलं नाही. क्रँकचंच घ्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली जाण्याने गोल फिरणारा तो भाग. या इंजिनाची क्रँक दोन जाड चकत्यांची असते, मधल्या पिनवर प्रेसने दाबून बसवलेली. रॉड बदलायचा म्हणजे चकत्या उपटायच्या, नवी पिन, नवी बेअरिंग, आणि पुन्हा दाबायच्या. दाबणं दहा मिनिटांचं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. दोन चकत्या एका रेषेत आल्यात का हे बघायला क्रँक दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन टोकदार आधारांमध्ये, धरतात आणि दोन्ही बाजूंना डायल गेज लावतात. गेजचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. आप्पा क्रँक बोटाने फिरवत. सुई सात घरं हले. मग क्रँक उचलायची, हातात तोलायची, तांब्याच्या हातोड्याने एकाच जागी एकच ठोका. परत सेंटरमध्ये. सुई चार घरं. परत ठोका. सुई सहा. “आगाव गेली,” म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूने हलकासा ठोका द्यायचे.

रोजच्या गाडीला ते तीन घरांवर सोडून देत. या क्रँकला त्यांनी एका रात्रीत साडेतीन तास घातले. सुई एका घरावर आली तेव्हा बाहेर शेवटची मिरज बस गेलेली होती. मी विचारलं, तीनवर चालत नाही का? म्हणाले, “साडेसात हजाराला चालतंय. तुझ्या साडेधाला ती सुई न्हवं, घण हाय.” त्या रात्रीची नोंद माझ्या वहीत अशी आहे: ‘रॉड किट ४,२००. बेअरिंग २, सील २: १,९००. मजुरी: घरचं काम.’

सायलेन्सरच्या बाबतीत मला एक नवीनच इतिहास सापडला. असल्या टू-स्ट्रोकला धूर सोडायला व्हॉल्व्ह नसतो, नुसतं भोक असतं. जळालेला धूर बाहेर जाताना पाठोपाठ थोडं ताजं मिश्रणही निसटतं. त्याला परत आत ढकलायचं कसं? सायलेन्सरच्या आकाराने. धुराबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी रुंदावत गेली की मागे ओढा तयार होतो आणि सिलिंडर साफ होतो. पुढे ती निमुळती झाली की लाट आपटून माघारी येते आणि निसटलेलं मिश्रण दार बंद होता होता पुन्हा आत लोटते. जणू नळीच फुंकर मारते. पूर्व जर्मनीत एमझेड या मोटारसायकलींच्या कारखान्यात वॉल्टर काडेन नावाच्या माणसाने हे शास्त्र वाढवलं. त्याआधी युद्धाच्या काळात तो पेनेम्युंडेला क्षेपणास्त्रांच्या केंद्रात होता. कारखान्याकडे ना परकीय चलन ना चांगला माल, तरी १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ हॉर्सपॉवर दिली. लिटरला २००. तोवर टर्बो-सुपरचार्जर न लावता कुणी तिथे पोचलं नव्हतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर जागतिक विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. स्वीडनच्या शर्यतीत इंजिन गेलं, आणि शर्यतीनंतर डेग्नर पूर्व जर्मनीला परतलाच नाही. तो गेला सुझुकीकडे, काडेनची विद्या डोक्यात घेऊन. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं, आणि गाडीवर तोच होता. जपानी टू-स्ट्रोकचं पुढचं सगळं पीक त्या बियाण्यातून उगवलं असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. आरएक्सच्या कंपनीच्या सायलेन्सरच्या पोटातही तेच तत्त्व सौम्यपणे बसलेलं आहे. मी हे रात्री वाचून काढलं आणि सकाळी आप्पांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “त्या काडेनला काय मिळालं?” तो पुढेही त्याच कारखान्यात राहिला, मी म्हणालो. आप्पा काही बोलले नाहीत, पत्रा कापायला बसले.

शंकू पत्र्यातून कापून, पाइपावर हाताने वळवून, गॅसने जोडून आमचे मिस्त्री चेंबर, म्हणजे असा सायलेन्सर, तयार करत. मिस्त्री म्हणजे आप्पांकडे तीस वर्षं असलेला माणूस, तंबाखू मळल्याशिवाय टॉर्च न पेटवणारा. पहिला चेंबर लांबीने चुकला. ताकद आली ती एवढ्या वर आली की खाली गाडी ढिम्म. दुसरा बरा. तिसरा चालला. वहीत ‘पत्रा ९००’ तीन वेळा आहे.

पोर्टचं, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांचं, काम मात्र पुन्हा करता येत नाही. एक्झॉस्टचं भोक वरून घासून उंच करायचं म्हणजे ते लवकर उघडतं आणि वरच्या फेऱ्यांना ताकद येते. मावसभावाने एका दुपारी कुणाचंतरी ऐकून स्वतःच ग्राइंडर घातला आणि मिलिमीटरभर जास्त घासून ठेवलं. ब्लॉक, म्हणजे अख्खा सिलिंडर, गेला. बंद झालेल्या गाडीचा चांगला ब्लॉक म्हणजे आधी शोध, मग ओळख, मग भाव. ६,५००. त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही, एवढंच इथे लिहितो.

जानेवारीतली पहाट मात्र नीट सांगायला हवी, कारण त्या ९२,६५० मधला बराचसा भाग अशाच पहाटांचा आहे. कार्ब्युरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी पुळी, आम्ही दुपारी तीन वाजता जुळवला होता, बुधगावच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर, पस्तीसच्या आसपास तापमानात. प्लगचा रंग छान, करपट चहासारखा. दुसऱ्या दिवशी सरावाला गाडी सकाळी सहाला माळावर उतरवली. धुकं, बोटं आखडलेली, पारा बाराच्या घरात. पहिल्या दोन फेऱ्यांत गाडी कधी नव्हे अशी पळाली. मावसभाऊ समोरून जाताना ओरडत होता. तिसऱ्या फेरीला सरळ पट्ट्यावर आवाज एकदम पातळ झाला, आणि मग मागचं चाक जागच्या जागी धरलं गेलं. धूळ. शांतता.

थंड हवा दाट असते. पस्तीसवरून बारावर आलं की तेवढ्याच जागेत साधारण आठ टक्के जास्त हवा. जेट मात्र दुपारचाच. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. पेट्रोल कमी पडलं की जळण तापट होतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलबरोबरच येत असल्याने वंगणही कमी पडतं. पिस्टन फुगला आणि सिलिंडरला चिकटला. त्या दोन फेऱ्या एवढ्या सुसाट होत्या त्या त्याच कारणाने, हे कळल्यावर तर मला हसावं की रडावं कळेना. आप्पांनी पिस्टन खिडकीजवळ नेऊन उजेडात धरला. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, ॲल्युमिनियम लोण्यासारखं फासलेलं. पिस्टन आणि स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, यांच्यामधली दोन थाऊची फट, इंचाच्या हजाराव्या भागातले दोन, तिथेच संपली होती. जेटची किंमत ६० रुपये. तो न बदलल्याचे ३,९००, शिवाय क्रँक पुन्हा खोलून धुणं. मजुरी: घरचं काम.

असे पाच पिस्टन गेले. कारणं वेगवेगळी, दोन तर मला लिहायचीही लाज वाटते.

लोक विचारतात, एवढे पैसे कशाला घातलेस? विचारणाऱ्यांत माझे एक सासरकडचे नातेवाईक आहेत, खानापूर तालुक्यातले. त्यांनी शर्यतीचा खोंड तीन लाखांना घेतला आणि त्याला रोज दूध, अंडी, उडदाची डाळ, खारीक चालू आहे. बैलगाडी शर्यतींना २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा वाट मोकळी केली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. खोंडाच्या खुराकाची वही ठेवता का, मी विचारलं. ते दुखावले. “जित्राबाचा हिशेब ठिवत्यात व्हय?” नाद आहे म्हणाले. आमच्याकडे त्या एका शब्दापुढे कर सल्लागाराचं काही चालत नाही. जगात वरच्या पातळीवरही फार निराळं नसावं. फॉर्म्युला वन मध्ये इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांवर २०२३ पासून वर्षाला साडेनऊ कोटी डॉलरची मर्यादा घालावी लागली, त्या वेळच्या दराने पावणेआठशे कोटी रुपयांच्या वर. आपण होऊन कोण थांबतंय?

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीकराला त्यापुढे सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले. मारुती चौकात नावा चालल्या. पाणी चढतंय म्हटल्यावर आप्पा आणि मिस्त्रींनी आदल्या रात्री दुकानातला माल माळ्यावर चढवला. गिऱ्हाइकांच्या क्रँका, ब्लॉक, हेड, प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. मशीन हलण्यासारखी नव्हती. माझं इंजिन बाकाखाली राहिलं. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, “गिऱ्हाइकाचा माल आधी. तुझं घरचं.”

पाणी ओसरल्यावर शटर उचललं तर आत घोटाभर गाळ, वर नदीचा तो कुजका वास. इंजिन आठ दिवस पाण्यात होतं. क्रँकच्या बेअरिंगमधून तांबडं पाणी निघालं. होन केलेल्या स्लीव्हवर गंजाची नक्षी. मिस्त्री ब्लॉक फडक्याने पुसत म्हणाले, “मालक, कास्टिंग शिजन झालं बघा.”

यातला विनोद कळायला दुकानामागचा कोपरा माहीत पाहिजे. आप्पा बिडाची नवी कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कधी लगेच कापत नसत. मागे उघड्यावर टाकून द्यायचे. एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्यायचा. ओतताना धातूत जो ताण राहतो तो असा हळूहळू निवळतो, मग बोअर केल्यावर वाकडं होत नाही. मला ही खेडवळ समजूत वाटायची. मग कळलं की १९८३ साली नेल्सन पिकेने ज्या बीएमडब्ल्यूच्या टर्बो इंजिनावर फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद जिंकलं, त्याचा बिडाचा ब्लॉक रस्त्यावरच्या मोटारीच्या ब्लॉकवरून घेतलेला होता. आणि त्यासाठी ते लाखभर किलोमीटर चाललेले जुने ब्लॉक निवडायचे, उघड्यावर पावसात टाकायचे, कामगार त्यावर लघवीही करायचे, अशी आख्यायिका आहे. शेवटचा तपशील मी आप्पांना सांगितला नाही. मिस्त्रींना सांगितला असता तर त्यांनी तेवढी सेवा आनंदाने केली असती.

पुरात दुकानाचं जे गेलं त्यापुढे इंजिन म्हणजे काहीच नाही. बोअरिंग मशीनची मोटर, वीस वर्षांचे कटर, रजिस्टरं. त्या दिवाळीपर्यंत मी वहीला हात लावला नाही. नंतर लॉकडाऊन लागला, गिऱ्हाईक बंद, आणि आप्पा दुकानात नुसते बसायला कंटाळले. एके दिवशी त्यांनी आपणहूनच ब्लॉक काढला आणि पुढच्या ओव्हरसाइजचा, म्हणजे पाऊण मिलिमीटर जादा मापाचा, बोअर टाकला. मला फोन आला, “पिस्टन मागव पंच्याहत्तरचा.” बस, एवढंच.

२०२२ च्या फेब्रुवारीत मावसभाऊ शर्यतीत उतरला. पुण्याहून शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आणलं होतं, महागडं. सकाळी मेन जेट मी स्वतः बदलला, दोन नंबर मोठा, आणि दुपारी पुन्हा लहान. स्थानिक गटात तो तिसरा आला. बक्षीस ५,००० रुपये आणि एक ढाल. जमा बाजूला वहीत तेवढी एकच नोंद आहे. आप्पा दोरीच्या बाहेर उभे होते, कानाला हात लावून. गाडी समोरून गेली की डोळे मिटायचे. नंतर म्हणाले, “चौथ्या फेरीपासनं पिस्टनची रिंग बोलायला लागलीया. उतरा.”

पुढच्या आठवड्यात मी उत्साहाने वही त्यांच्यापुढे ठेवली. मला वाटलं, बेरीज बघून हबकतील. त्यांनी एक एक पान उलटलं, बोटाला थुंकी लावून. रॉड किट, पत्रा, जेट, ब्लॉक, पेट्रोल, टेंपो भाडं, वडापाव सुद्धा. शेवटच्या पानापर्यंत गेले आणि चष्मा काढला.

“समदं लिवलंस. माझी मजुरी कुठं हाय?”

“घरचं काम आहे न्हवं, आप्पा.”

“मिस्त्रीचं पण घरचं?”

मी गप्प. रात्री साडेतीन तास चाललेला तो तांब्याचा हातोडा, गाळातून उचलून रॉकेलने धुतलेली बेअरिंग, पस्तीस अंशातल्या दुपारी वळवलेले शंकू, सगळं शून्य रुपये धरून मी बेरीज केली होती. दुसऱ्या कुणी असं खातं आणलं असतं तर मी म्हणालो असतो, हा नफा-तोटा खोटा आहे, मजुरी दाखवा.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या पोराबरोबर माझ्या ऑफिसात बिल आलं. छापील बिलबुकातलं, कार्बन लावून केलेलं. रिबोर ६ × ४००. हेड प्लेन ३ × २५०. क्रँक प्रेस व सेंटर ४ × ६००. पुरानंतर धुणे, ५००. एकूण ६,०५०. त्याखाली आप्पांच्या तिरक्या अक्षरात: ‘रेसचे काम. दर दुप्पट.’ आणि अधोरेखित १२,१००. मागच्या बाजूला मिस्त्रींची वेगळी चिठ्ठी टाचलेली, तीन चेंबरची, ४,५००.

मिस्त्रींचे मी त्याच दिवशी दिले. आप्पांचं बिल पाहून मी फोन केला, म्हटलं थोडं कमी करा की. ते म्हणाले, गिऱ्हाईक म्हणून बोलतोयस का पोरगा म्हणून? पोरगा म्हणून, मी म्हणालो. “मग संध्याकाळी घरी बोल. आता दुकानात गर्दी हाय.”

घरी तो विषय अजून निघालेला नाही. परवा मावसभाऊ आला होता. रिंगा पुन्हा बोलायला लागल्यात, यंदा एक मिलिमीटरचा शेवटचा बोअर टाकावा लागेल म्हणाला, त्यापुढे स्लीव्हच बदलायची. आम्ही दोघं ब्लॉक घेऊन दुकानात गेलो. आप्पांनी तो हातात घेतला, बोट आतून फिरवलं, बाकावर ठेवला आणि सुतळीने त्याला चिठ्ठी बांधली. गिऱ्हाइकांच्या मालाला बांधतात तशी. चिठ्ठीवर माझं आडनाव, तारीख आणि ‘मागील बाकी १२,१००’.